काम चालू, गुहा खुली

पुण्यातल्या दुकानांवरच्या पाट्यांचं कौतुक आपण पुष्कळ केलं. पण गिऱ्हाइकाला आल्या पावली परत पाठवण्याच्या कलेत अमेरिकेतलं एक दुकान त्यांच्याही पुढे गेलं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहराची व्हॉल्व्ह कंपनी ‘स्टीम’ नावाचं व्हिडिओ गेमचं दुकान चालवते. तिथे काही गेमच्या पानावर किमतीच्या वर एक निळी चौकट असते. तिचा मथितार्थ असा : हा गेम अपुरा आहे. पुढे तो बदलेल, कदाचित बदलणारही नाही. आज आहे तसा खेळायची हौस नसेल तर थांबा, पुढे काय होतं ते बघा.

आणि खाली किंमत. किमतीला लागून हिरवं बटण.

‘दुपारी एक ते चार बंद’ असं लिहिणारा दुकानदार निदान चारनंतर तरी माल पूर्ण देतो. इथे दुकान चोवीस तास उघडं आणि माल अर्धा. तरी लोक घेतात. पाटी वाचून, समजून, मान डोलावून घेतात. मी तर आता निळी चौकट नसलेल्या गेमकडे जरा संशयानेच बघतो. पूर्ण झाला आहे म्हणतात, म्हणजे यात आता आपल्याला करण्यासारखं काय उरलं?

या व्यवस्थेचं नाव अर्ली अ‍ॅक्सेस. २० मार्च २०१३ रोजी ती बारा गेम घेऊन सुरू झाली. तिच्यामागचा हिशेब सरळ आहे. गेम बनवणाऱ्याचे पैसे संपलेले असतात, गेम संपलेला नसतो. तेव्हा जेवढा झालाय तेवढा विकायला काढायचा, आलेल्या पैशांत पुढचा बनवायचा, आणि ज्याने आधी पैसे दिले त्याला पुढचं सगळं फुकट. कल्पना व्हॉल्व्हच्या आधीचीच. ‘माइनक्राफ्ट’ २००९ पासून अपुराच विकला जात होता, आणि त्याच्या किमतीच्या पायऱ्या प्रसिद्ध आहेत : अल्फा अवस्थेत ९.९५ युरो, बीटामध्ये १४.९५, पूर्ण झाल्यावर १९.९५. थोडक्यात, जो सगळ्यात आधी येऊन सगळ्यात कमी माल नेतो, त्याला सगळ्यात स्वस्त. हे गणित एकदा डोक्यात बसलं की माणूस कामातून जातो. पूर्ण झालेली वस्तू पूर्ण पैसे देऊन घेणारे लोक त्याला भोळे वाटू लागतात.

विकणाऱ्याला मात्र स्टीमवर आधी एक प्रश्नपत्रिका सोडवावी लागते आणि तिची उत्तरं गिऱ्हाइकाला जाहीर वाचायला मिळतात. अपुरा का विकताय? अजून किती दिवस अपुरा राहील? पूर्ण झाला की आणखी काय काय असेल? आत्ता काय चालतं? किंमत वाढवणार का? आणि यात गिऱ्हाइकांना कसं सहभागी करून घेणार? पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘पैसे संपले’ असं असलं, तरी तिथे बहुधा ‘आम्हाला तुमचं मत मोलाचं वाटतं’ असं सापडतं. माझा आवडता प्रश्न दुसरा. त्याच्या उत्तरात हमखास ‘साधारण एक वर्ष’ असतं. हे वर्ष कोणाच्या पंचांगातलं, ते लिहायची सक्ती नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे माणसांची किती वर्षं, हे आपल्याकडे आजीच्या मांडीवरच कळलेलं असतं, म्हणून भारतीय गिऱ्हाइकाला धक्का त्या मानाने कमी बसतो.

सगळेच असे नसतात, हेही सांगायला हवं. पॅरिसच्या अ‍ॅम्प्लिट्यूड स्टुडिओने ‘डंजन ऑफ द एंडलेस’ डिसेंबर २०१३ मध्ये अपुरा विकायला काढला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर्ण करून हातात दिला. वर्षाच्या आत! अशा लोकांमुळे बाकीच्यांवरचा विश्वास टिकून राहतो, हा त्यांचा दोषच म्हणायचा.

आता मी घेतो ते अपुरे गेम ज्या जातीचे, त्या विज्ञानकथेतल्या गुहेविषयी. जमिनीखाली उतरायचं, एकेक मजला खाली जायचं, दिसेल त्याला मारायचं, सापडेल ते उचलायचं, आणि मेलं की पहिल्यापासून, या जातीच्या खेळाचा मूळपुरुष ‘रोग’. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी तो बनवला. त्यात चित्रं नव्हतीच. तुम्ही म्हणजे @ हे चिन्ह, आणि राक्षस म्हणजे ए ते झेड ही सव्वीस इंग्रजी अक्षरं. लिपी शत्रू असू शकते हे आपल्याला पहिलीतच कळलेलं होतं, त्या मुलांनी त्याचा खेळ केला. गुहा प्रत्येक वेळी नवी, संगणकाने स्वतः रचलेली. मरण मात्र कायमचं. आधीच्या ठिकाणाहून पुन्हा सुरू करायची सोय नाही.

पुढे कुणाला तरी वाटलं, तलवारी पुरे झाल्या, आता लेझर बंदुका हव्यात. तेव्हापासून मानवजात दर काही महिन्यांनी ताऱ्यांपर्यंत पोहोचते आणि पोहोचल्या पोहोचल्या तिथल्या तळघरात उतरते. ‘ज्युपिटर हेल’ या पोलंडमधल्या गेममध्ये माणूस पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर, गुरूच्या चंद्रांवर जातो. मान वर करून गुरू बघायला? छे. जिन्याने खाली जायला. ‘कॉगमाइंड’मध्ये तुम्ही स्वतःच एक यंत्रमानव असता आणि मारलेल्या यंत्रमानवांचे पाय, मोटारी, बंदुका काढून स्वतःला जोडत पुढे सरकता. या कॉगमाइंडची जन्मकथा मला फार आवडते. सात दिवसांत एक आख्खा गेम बनवायचा, असा एक उपक्रम असतो. २०१२ साली त्या उपक्रमासाठी तो बनला. सात दिवसांत! नंतर त्याच्या कर्त्याला वाटलं, जरा नीट करू या. २०१५ मध्ये अपुरा विकायला आला, २०१७ मध्ये स्टीमवर आला, आणि पहिल्या सात दिवसांवर दशक उलटून गेलं तरी त्याचं नीट करणं चालूच राहिलं.

पण या सगळ्यांत मला ज्याने पुरतं धरून ठेवलं तो ‘केव्ह्ज ऑफ कड’. ब्रायन बकल्यू आणि जेसन ग्रिनब्लॅट या दोन मित्रांनी २००७ च्या सुमारास तो रचायला घेतला, आणि जुलै २०१५ मध्ये त्यांच्या फ्रीहोल्ड गेम्सने तो निळ्या चौकटीसकट स्टीमवर आणला. मी घेतला तेव्हा घरात झालेला संवाद असा :

“किती झालाय?” बायकोने विचारलं.

“काय किती झालाय?”

“गेम. अपुरा आहे म्हणालास ना? मग किती झालाय?”

“बराच झालाय. शेवट तेवढा बाकी आहे.”

“आणि तो?”

“लिहितायत.”

“कधीपासून?”

“तसं म्हटलं तर… दोन हजार सातपासून.”

ती पुढे काही बोलली नाही. कुकरची शिट्टी व्हायची होती, ती मोजायला गेली.

माझी बाजू इथे मांडतो. स्टीमवर २०१५ पासून पैसे परत मिळायची सोय आहे. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर न कुरकुरता पैसे परत. म्हटलं, दोन तासांत कळेलच की बरं आहे का वाईट. पण कडमध्ये आधी आपलं पात्र घडवावं लागतं. शुद्ध वंशाचा माणूस व्हायचं की उत्परिवर्तन झालेला, इथून सुरुवात. उत्परिवर्तन म्हटलं की यादी उघडते : जादा हात, दोन डोकी, पंख, अंगावर साळिंदराचे काटे, किंवा उन्हात उभं राहून पोट भरणारी हिरवी कातडी. गुण घ्यायला गुणांक लागतात, ते कमी पडले तर एखादा दोष पत्करायचा. ठिसूळ हाडं, अवेळी झोप लागणं, किंवा ‘दुष्ट जुळं’. हा शेवटचा दोष घेतला की अगदी तुमच्यासारखा, तुमच्याच शक्तींचा एक जण जगात कुठेतरी जन्माला येतो आणि तुम्हाला मारायला निघतो. चार हात घ्यावेत की दोन डोकी, यावर विचार करता करता माझे दोन तास संपले. खेळाला अजून सुरुवात व्हायची होती आणि पैसे परत मिळायची वेळ टळली होती.

मग जोप्पा नावाच्या खेड्यात आपण उतरतो. खारट दलदलीच्या काठावरचं गाव, पाणवेलीची शेती करणारे लोक. फार फार पुढचा काळ आहे. माणसांची केवढी तरी संस्कृती येऊन गेली, तिचे क्रोमचे अवशेष जमिनीत गाडले गेले आहेत, आणि त्यांवर मिठाचं वाळवंट पसरलं आहे. इथे पैसे चालत नाहीत, गोडं पाणी चालतं. बंदूक घ्यायची तर पाणी मोजून द्यायचं, आणि तहान लागली तर तीच रोकड प्यायची. पाणी जड असतं, त्यामुळे श्रीमंत माणसाला चालवत नाही.

माझ्या आईचं माहेर लातूरचं. ती एकदा मागे उभी राहून बघत होती. मी हौसेने सांगितलं, “आई, बघ, या जगात पाण्यानेच व्यवहार होतात. काय कल्पना आहे ना?”

“कल्पना कसली?” ती म्हणाली. “यात रेल्वे नाही का येत?”

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. विज्ञानकथा कुणासाठी किती विज्ञान आणि किती कथा, हे माहेरावर अवलंबून असतं.

आता यात माणसं मरतात कशी, हे सविस्तर सांगण्याजोगं आहे, कारण मरणाच्या बाबतीत हा गेम पहिल्या दिवसापासून पूर्ण होता. माकडं दगड मारतात, त्याने मरता येतं. तहानेने मरता येतं. गोल्गोथा नावाच्या जागी प्राचीनांच्या कचऱ्याच्या घसरगुंड्या आहेत, त्यांवरून खाली जाताना चिरडून मरता येतं, आणि नाही मेलात तर असा रोग जडतो की जीभ सडून गळून पडते. मग बोलणं बंद. त्यावर औषध आहे, ते एका पुस्तकात दिलेलं आहे, आणि त्यातले घटक दर खेळात वेगळे असतात. म्हणजे मागच्या जन्मीचं वैद्यकीय ज्ञान या जन्मी कुचकामी. मला हा सगळा भाग अन्यायकारक वाटत नाही. आयुष्याबद्दलच्या तक्रारी मांडायला मला दुसरीकडे कुठे @ चिन्ह मिळालेलं नाही.

आणि नाती! कडमध्ये साठच्या वर पंथ आहेत. त्यांत माणसांचे पंथ आहेत, तसे माकडांचे, खेकड्यांचे, माशांचे आणि झाडांचेही आहेत. प्रत्येकाचं तुमच्याबद्दल मत असतं. कोण कुणाला का पाण्यात बघतो, याची कारणं गेम स्वतः रचतो. एखाद्या बड्या प्राण्याबरोबर पाणी पिण्याचा विधी केला, की त्याच्या जमातीत तुमची पत वाढते, आणि त्याच क्षणी त्याच्या शत्रूंकडे ती घसरते. लग्नाच्या पंगतीत कुणाशेजारी बसलो यावरून दहा वर्षं धुमसणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला हा भाग शिकवावा लागत नाही. या जगावर कधीकाळी राज्य केलेले सुलतानही प्रत्येक खेळात नव्याने जन्मतात, त्यांचे पराक्रम, त्यांच्या समाध्या, त्यांच्याविषयीच्या दंतकथा, सगळं नव्याने. पाठ करून परीक्षेला बसायची सोय नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे एक फवारा मिळतो, तो ज्या वस्तूवर मारू तिला मेंदू फुटतो. खुर्चीवर मारला तर खुर्ची जागी होते आणि तुमच्यामागून चालू लागते. अशा नव्याने शहाण्या झालेल्यांचा एक वेगळा पंथच आहे. एका खेळात खेकडे, माकडं आणि झाडं अशा तिन्ही पक्षांनी मला वाळीत टाकलं असताना एक खुर्ची शेवटपर्यंत माझ्या बाजूने लढली. तिच्याबद्दल मी घरी कुणाला बोललो नाही.

तर हे सगळं आधीपासून होतं. नव्हता तो फक्त शेवट. मुख्य गोष्ट एका टप्प्यापर्यंत यायची आणि थांबायची. त्यात गंमत अशी, की दर वेळी येणाऱ्या अपुऱ्या प्रतीचा क्रमांक २.० ने सुरू व्हायचा, आणि आम्ही सगळे वाट बघत होतो ती १.० म्हणजे पूर्ण आवृत्तीची. भाच्याला हे काही केल्या पटेना. “मामा, दोननंतर एक कसा येईल?” मी म्हटलं, “धीर धर.” हेच उत्तर मी तेव्हा सगळ्यालाच देत होतो.

हा भाचा म्हणजे आमच्या घरातला शहाणा माणूस. तो अपुरं काही घेत नाही. पूर्ण होऊ देतो, लोकांना त्यातले दोष काढू देतो, सेलमध्ये किंमत उतरू देतो, आणि मग घेतो. त्याचं सगळं बरोबर आहे आणि त्याला यातलं काही कळत नाही. कारण खरी मौज दर आठवड्याला असते. कडचे कर्ते नेमाने शुक्रवारी काहीतरी नवं द्यायचे. तिकडचा शुक्रवार संपेपर्यंत आपल्याकडे शनिवार उजाडलेला असतो. चहा ठेवायचा आणि काय बदललं याची यादी वाचायची. या याद्या म्हणजे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. अमुक प्राणी तमुक झाल्यावर स्वतःलाच खात असे, आता खाणार नाही, अशा धाटणीची गंभीर, नम्र वाक्यं.

यातलं अभिजात उदाहरण कडचं नाही, ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’चं आहे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे भाऊ २००२ पासून तो बनवतायत. २०१५ च्या डिसेंबरात त्यांनी त्यात दारूचे गुत्ते आणले, आणि गडागडांत मांजरं पटापट मरू लागली. शोध घेतल्यावर कळलं, की गिऱ्हाइकांची बिअर जमिनीवर सांडते, मांजरं त्यातून चालतात, मग आपले पंजे चाटून साफ करतात, आणि एका चाटण्यात गेम त्यांच्या पोटात अख्ख्या पेल्याची दारू जमा करतो. मांजर पंजे चाटतं हे कुणीतरी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं, यात माझा सगळा आदर आला. असा दोष पूर्ण झालेल्या गेममध्ये सापडायला नशीब लागतं. अपुऱ्यात तो पैसे दिल्यादिल्या मिळतो.

अपुरे गेम घेणाऱ्यांचे स्वभाव इतकी वर्षं बघतोय. एक असतात ज्येष्ठ. “मी घेतला तेव्हा यात जिने नव्हते,” असं ते नव्याने आलेल्यांना सांगतात, आणि जिने आल्याचा त्यांना थोडा रागही असतो. दुसरे असतात राखणदार. हे सगळ्यात आधी पैसे भरतात आणि अजिबात खेळत नाहीत, कारण अर्धवट खेळून चव घालवायची नसते. पूर्ण होईपर्यंत ते जपून ठेवतात. पूर्ण होतो तेव्हा त्यांना दुसरं काही अपुरं सापडलेलं असतं. तिसऱ्या जातीचे अभिप्राय लिहितात. स्टीमवर अभिप्रायाशेजारी तो माणूस किती तास खेळला हे छापून येतं, ही व्यवस्था ज्याने केली त्याला विनोदाची जाण होती. नऊशे तास खेळलेला माणूस ‘यात दम नाही’ असं लिहितो, आणि अर्धा तास खेळलेला ‘आयुष्य बदललं’ असं. आणि चौथे, आपली चोरवाट बुजवल्याबद्दल भांडणारे. गेममधल्या एखाद्या चुकीच्या आधारे यांनी फुकट बंदुका जमवलेल्या असतात. चूक दुरुस्त झाली की परंपरेवर घाला आला असं त्यांना वाटतं.

मी यांतल्या कुठल्याच जातीत नव्हतो, मी त्याहून खालच्या पायरीवर होतो. मी दोष कळवायचो. ऑफिसात टेस्टिंगचं काम पगारी असूनही मी ते शिताफीने टाळत आलो आहे. पण घरी, रात्री, पैसे भरून घेतलेल्या एका गेममध्ये मी भिंतीच्या एका कोपऱ्यात पुन्हा पुन्हा डोकं आपटून बघत होतो. कारण? अमुक बाजूने गेलं तर माणूस भिंतीत अडकतो आणि तमुक बाजूने गेलं तर नाही, हे मला नेमकं लिहून पाठवायचं होतं. पाठवलं. पुढच्या यादीत दुरुस्तीची ओळ आली. त्या रात्री जेवताना मी ते सगळ्यांना सांगितलं. बायको म्हणाली, “वा. मग पैसे किती मिळाले?”

यातच या धंद्याचं मर्म आहे. पूर्ण गेम विकत घेणारा गिऱ्हाईक असतो, अपुरा घेणारा घरचा माणूस होतो. सांगितलेली चूक दुरुस्त झाली की त्या गुहेची एक वीट आपली. आपण गेमचे नाही, चालू असलेल्या कामाचे पैसे दिलेले असतात, आणि काम जितकं चालेल तितकं बरं. चौकात खड्डा खणत असले तर दहा माणसं उभी राहून बघतात, बुजवल्यावर कुणी फिरकत नाही. ती दहाही माणसं आता स्टीमवर आहेत.

अर्थात काही खड्डे तसेच राहतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या डबल फाइन कंपनीने ‘स्पेसबेस डीएफ-९’ हा अंतराळतळ बांधायचा गेम ऑक्टोबर २०१३ मध्ये अपुरा आणला. विक्रीतून खर्च भागेना, तेव्हा वर्षभराने, ठरवलेल्या कितीतरी गोष्टी बाजूला ठेवून त्यांनी त्यालाच १.० म्हटलं आणि काम थांबवलं. इथे ‘साधारण एक वर्ष’ शब्दशः खरं ठरलं, आणि गिऱ्हाइकं तेवढ्याकरताच चिडली. उलट टोकाला ‘स्टार सिटिझन’. २०१२ मध्ये लोकवर्गणी सुरू झाली, २०१४ चा वायदा होता. वर्गणी ७० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे आणि पूर्ण गेम अजून बाहेर यायचा आहे. त्यात अजून न घडवलेली अंतराळयानं नुसत्या चित्रावरून विकली जातात, आणि घेणारे ती आनंदाने घेतात. माझ्याही खात्यात एक गेम आहे. नाव घेत नाही. त्याच्या कर्त्यांचा अखेरचा निरोप ‘लवकरच मोठी बातमी’ असा होता, आणि मोठी बातमी बहुधा तीच होती, की आता निरोप येणार नाहीत. अशा गेमच्या पानावर २०२५ पासून स्टीम आणखी एक सूचना लावतं : याला वर्षाहून जास्त काळ हात लागलेला नाही. दुकानदाराने पाटीखाली दुसरी पाटी लावली. हिरवं बटण जागच्या जागी आहे.

कडचा शेवट मात्र आला. ५ डिसेंबर २०२४ रोजी १.० प्रसिद्ध झाली, अपुरा विकायला काढल्यावर नऊ वर्षांनी, कामाला हात घातल्यावर सतराएक वर्षांनी. निळी चौकट निघाली. दुसऱ्या वर्षी विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्युगो पुरस्कार सर्वोत्तम गेम म्हणून त्यालाच मिळाला. माझी छाती फुगली. वास्तविक माझं योगदान एवढंच, की मी त्यात असंख्य वेळा मेलो.

भाच्याने तो आता घेतला. शहाण्या माणसाने घ्यावा तसा, सेलमध्ये. आला, पात्र घडवलं, खाली उतरला, आणि परीक्षेच्या सुट्टीत मुख्य गोष्ट संपवून मोकळा झाला. “मामा, शेवट भारी आहे,” म्हणाला. “तू बघितलास ना?”

“सांगू नकोस,” मी म्हटलं.

मी अजून गोल्गोथाच्या पलीकडे गेलेलो नाही. शेवट नव्हता तोवर ‘त्यांचाच झालेला नाही’ ही सबब होती. आता गेम पूर्ण आहे आणि अपुरा मी, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी सकाळी जरा चुकल्यासारखं होतं. दुरुस्त्या अजूनही येतात, पण त्या आता रंगकाम झालेल्या घरातल्या. भिंतीत अडकायची मजा नाही. परवा एक नवा गेम दिसला. शनीच्या कड्यांमधल्या एका खाणीत उतरायचं आहे. निळी चौकट आहे. किती दिवस लागतील? साधारण एक वर्ष. घेतला.

तुम्हाला कड घ्यायचा असेल तर जरूर घ्या, आता त्यात काही धोका नाही. पूर्ण आहे, शेवटासकट. एवढं करा : जोप्पातून निघताना पाणी भरून घ्या, दगड मारणाऱ्या माकडांशी उगाच वाद घालू नका, आणि गुणांक कितीही कमी पडत असले तरी ‘दुष्ट जुळं’ घेऊ नका.